बोट कुणाच्या चुकीने तुटते?

छत्रपती संभाजीनगरहून बीडकडे जाणाऱ्या महामार्गावरील पाचोड हे पैठण तालुक्यातील बाजाराचे गाव आहे. मोसंबीच्या व्यापारासाठी ते आज ओळखले जाते. अशा गावच्या आठवडी बाजारात एका कडेला गोणपाट अंथरून बसलेला चर्मकार कुणाच्या फारसा ध्यानात येत नाही. त्याच्यापुढची हत्यारे मोजकी असतात: रापी, आरी, हातोडी, लोखंडी ऐरण आणि मेण लावलेला दोरा. एके काळी याच माणसावाचून शेतकऱ्याच्या विहिरीतले पाणी वर येत नव्हते. मोट शिवणारा, वाद्या आणि पायताणे करून देणारा तो बलुतेदार होता. ऑइल इंजिने आली, विजेचे पंप आले, मोट गेली आणि खळ्यावरचे बलुतेही गेले. अशा घरांतील पुढची पिढी कामाच्या शोधात घराबाहेर पडली. कुणी उसाच्या फडात, कुणी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत, तर कुणी धारावीच्या गाळ्यांत. हातातली रापी जाऊन समोर यंत्र आले. त्या यंत्रासमोर बसलेल्या हाताचा प्रश्न हा या लेखाचा विषय आहे.

रापीने चामड्याची कड पातळ करणे दिसते तितके सोपे नाही. पाते अंगापासून दूर ढकलावयाचे, चामडे धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे ठेवावयाचा आणि धार उतरताच काम थांबवून ती लावून घ्यावयाची. कारण बोथट पाते अधिक जोर मागते आणि जोराने ढकललेले पाते घसरते. हे नियम चर्मकाराचा मुलगा पुस्तकात वाचून शिकत नसे. बापाशेजारी बसून आधी टाकाऊ तुकड्यांवर, मग अस्तरावर आणि काही वर्षांनी चांगल्या चामड्यावर त्याचा हात बसे. या शिक्षणात कौशल्य आणि सुरक्षितता असे दोन वेगळे विषय नव्हते. ज्या हालचालीने काप सरळ जातो त्याच हालचालीने बोट वाचते, हे हाताला एकदमच कळत असे. जातिव्यवस्थेने हा धंदा त्याच्या गळ्यात बांधला आणि त्याच धंद्याबद्दल त्याला हिणवलेही. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे काहीच कारण नाही. शिकण्यासाठी लागणारा वेळ मात्र त्या कामात होता.

चामड्याच्या वस्तूंचा धंदा यंत्रावर गेला तेव्हा सर्वप्रथम हाच वेळ कापला गेला. यंत्र कर्जाने मिळते, जुने असेल तर स्वस्तात मिळते, आणि त्यावर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी बसविता येतो. मग केव्हातरी बोट जाते. मालक म्हणतो, ‘त्याचे लक्ष नव्हते.’ शेजारी म्हणतात, ‘नशीब!’ आणि बोट गमावलेला कामगारही पुष्कळदा म्हणतो, ‘माझीच चूक झाली.’ या तिन्ही उत्तरांची उलटतपासणी करणे हे समाजवादी चळवळीचे काम आहे.

यंत्र काय मागते

पाकिटे, पट्टे, पिशव्या, चपला करणाऱ्या गाळ्यात पहिले काम कापण्याचे. कटिंग प्रेस नावाच्या यंत्राच्या पाटावर चामडे पसरतात, त्यावर धारदार पोलादी साचा ठेवतात, आणि यंत्राचा भुज वरून कित्येक टनांच्या दाबाने साच्यावर उतरतो. साचा ठेवणारा हात आणि दाब सोडणारा हात एकाच माणसाचे असतात. धोका नेमका तेथे आहे. म्हणून चांगल्या यंत्रात दोन्ही हात दोन ठिकाणी गुंतल्याखेरीज दाब उतरत नाही, अशी योजना केलेली असते. त्यातील एक बटन चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवले की यंत्र एका हाताने चालते, काम झपाट्याने होते आणि दुसरा हात साच्याजवळ मोकळा राहतो. एखाद्या दिवशी तो साच्याखालीही राहतो.

याच यंत्रावरील खरे कसब मात्र दाबात नसते. जनावराच्या पाठीचे चामडे घट्ट असते, पोटाकडचे सैल. एका दिशेने ते ताणते, दुसऱ्या दिशेने ताणत नाही. कुठे जखमेचा वण असतो, कुठे गोचिडाचा डाग. कोणता साचा कोठे आणि कोणत्या रोखाने ठेवला म्हणजे पट्टा पुढे वाकडा होणार नाही आणि तुकडाही वाया जाणार नाही, हे ज्याला कळते तो कारागीर. त्याला चामड्याकडे पाहण्यासाठी क्षणभर थांबावे लागते. त्या क्षणात त्याचे बोटही सुरक्षित जागी असते. जो घाईने साचे टाकतो तो चामडेही नासतो आणि हातही.

दुसरे यंत्र स्कायव्हिंगचे, म्हणजे कड पातळ करण्याचे. रापीची जागा घेतली ती याने. यात घंटेच्या आकाराचे गोल पाते वेगाने फिरत असते आणि चामड्याची कड त्यावरून सरकते. पाते आणि खालचा रूळ यांतील अंतर केसाइतके जुळवावे लागते. धार यंत्रातल्याच दगडावर वरचेवर लावावी लागते. पात्याभोवती कातरण साचते आणि कडा ओबडधोबड येऊ लागतात. शिकलेला माणूस अशा वेळी यंत्र बंद करतो, पाते थांबेपर्यंत वाट पाहतो आणि कुंच्याने कातरण काढतो. न शिकलेला किंवा घाईत असलेला माणूस चालू यंत्रात बोट घालतो.

शिलाईच्या यंत्राला सारे निरुपद्रवी समजतात, कारण ते घरोघरी असते. पण चामडे शिवणारी सुई जाड असते आणि तिला धार असते. दोरा ओवताना पाय पायट्यावरच राहिला तर ती नखातून आरपार जाते. शिवण ओढून घेण्यासाठी चामड्याला हिसका दिला की सुई मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडतो. साध्या चष्म्याने जो डोळा वाचला असता, त्यासाठी पुढे शहरातल्या इस्पितळाच्या खेपा घालाव्या लागतात.

जे दिसत नाही ते याहून भयंकर. चामड्याच्या कडा घासताना उडणारी धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. हा रोग नाकाच्या पोकळीत होतो. चिकटविण्याच्या सोल्युशनमधील द्रव्यांची कथाही जुनीच. इस्तंबूलच्या जोडे करणाऱ्या कामगारांत बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग आढळल्याचे मुझफ्फर अक्सॉय या तुर्की डॉक्टरने १९७४ साली जगापुढे मांडले. त्यापूर्वी, १९६० च्या दशकात, जपानमध्ये घरी बसून सपाता चिकटविणाऱ्या कष्टकऱ्यांच्या हातापायांतील शक्ती गेली. कारण निघाले ते सोल्युशनमधील हेक्झेन. घराच्या बंद खोलीत, चुलीशेजारी, मुलाबाळांदेखत काम चालले होते. धारावीच्या माळ्यावर काय चालते हे ज्याने पाहिले आहे त्याला जपानचा तो देखावा परका वाटणार नाही.

दराचे गणित

हे सारे ठाऊक असूनही माणसे चालू यंत्रात बोट का घालतात? निष्काळजीपणा हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. धंद्यात पुष्कळ ठिकाणी मजुरी नगावर असते; जितके नग तितके पैसे. समजा, एका कारागिराला दिवसभरात दोन हजार वेळा प्रेस चालवावा लागतो, आणि दोन्ही हात दोन बटनांवर नेण्यात प्रत्येक खेपेला दोन सेकंद अधिक जातात. दिवसाचे चार हजार सेकंद झाले, म्हणजे तासाहून अधिक वेळ. नगाचा दर तोच राहिला तर एका तासाची मजुरी सुरक्षिततेच्या नावाने कारागिराच्या खिशातून गेली. चिकटपट्टी कारागिराने लावली हे खरे. ती लावावयास भाग पाडणारा दर कुणी ठरविला, हा प्रश्न उरतोच.

दर ठरविणारा गाळ्याचा मालक असतो, असेही सरसकट म्हणता येत नाही. पुष्कळ ठिकाणी तो स्वतःच यंत्रावर बसलेला असतो, त्याची बायको चिकटविण्याचे काम करते आणि भाऊ माल पोचवितो. त्याला दर मिळतो व्यापाऱ्याकडून. व्यापाऱ्याला बड्या दुकानाकडून किंवा निर्यातदाराकडून. या साखळीत नफा वरवर चढत जातो आणि घाई खालीखाली उतरत येते. शेवटच्या कडीला घाई उतरविण्यासाठी आणखी खाली कुणी नसते. तेथे फक्त बोट असते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहावे. कामगारांच्या नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा कितीतरी दशके देशात लागू होता. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाची किंमत टक्क्यांत लिहिलेली होती: अंगठा गेला तर कमाईची शक्ती तीस टक्के गेली, तर्जनी समूळ गेली तर चौदा, मधले बोट बारा, करंगळी सात. ज्याचे सारे कसब अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत आहे, चामड्याची जाडी जो बोटांनी मोजतो, त्याची तर्जनी चौदा टक्के कशी? परिशिष्ट करणाऱ्यांना हात म्हणजे ओझे उचलण्याचे साधन वाटत असावे. त्याच कायद्यात आणखी एक कलम होते: संरक्षक साधन कामगाराने जाणूनबुजून काढले असेल आणि त्यामुळे इजा झाली असेल तर मालक भरपाईला बांधील नाही. मृत्यू आला किंवा माणूस कायमचा पूर्ण पंगू झाला तरच त्याला अपवाद. एक बोट गेले तर अर्थातच नाही. दर असा ठेवावयाचा की साधन काढावेच लागेल, आणि काढल्यावर दोष कामगाराच्या पदरी घालावयाचा, या न्यायाला कायद्याने असा आधार दिला होता. कायद्याची पुस्तके बदलली तरी हा न्याय गाळ्यागाळ्यांत अजून चालतो.

मोजणीबाहेरचे कामगार

कारखाना कायदा १९४८ साली झाला. यंत्राच्या धोकादायक भागांना कायम आवरण हवे, चालू यंत्राला प्रशिक्षित माणसाखेरीज कुणी हात लावू नये, अल्पवयीन कामगाराला धोक्याची पूर्ण कल्पना व पुरेसे शिक्षण दिल्याशिवाय धोकादायक यंत्रावर बसवू नये, अशी चांगली कलमे त्यात होती. वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा आणि वीज नसेल तेथे वीस कामगार असले म्हणजे तो कारखाना. चामड्याच्या धंद्यातील असंख्य गाळे या आकड्याच्या खालीच राहिले. काही खरोखर लहान होते म्हणून, आणि काही कागदावर दोन-तीन नावांनी वाटले गेले म्हणून.

हा आकडा खाली आणावा, अशी कामगार चळवळीची अपेक्षा होती. घडले उलटे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या आणि सुरक्षिततेच्या संहितेने कारखान्याची मर्यादा दहावरून वीस आणि विसावरून चाळीस केली. मालकाची काही सर्वसाधारण कर्तव्ये दहा कामगारांच्या आस्थापनेलाही लागू राहतात, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु खास कारखान्यासाठी असलेल्या तरतुदींतून दहा ते एकोणीस कामगारांचा विजेवर चालणारा गाळा निसटला, आणि नवापर्यंतचा गाळा तर पूर्वीप्रमाणेच बाहेर राहिला. यंत्राला कामगारांची संख्या मोजता येत नाही. पाच माणसांच्या गाळ्यातील प्रेसचा दाब पाचशे माणसांच्या कारखान्यातील प्रेसइतकाच असतो.

याच संहितेत एक दार उघडे आहे, त्याकडे पक्षाचे लक्ष जावयास हवे. धोकादायक किंवा जिवाला अपाय करणारे काम जेथे चालते अशा आस्थापना केंद्र सरकारने अधिसूचित केल्या तर तेथे दहाची अट राहत नाही. दाबाचे यंत्र, फिरते पाते, पेट घेणारे सोल्युशन आणि कर्करोगकारक धूळ हे चारही ज्या धंद्यात एका छपराखाली असतात तो धंदा धोकादायक नव्हे, असे कोणते सरकार उघडपणे म्हणेल? अधिसूचना काढण्यास संसदेची गरज नाही, पैशाची तर नाहीच. उणीव आहे ती मागणी करणाऱ्यांची.

कामाच्या जागेकडे दुर्लक्ष झाले की काय होते, हे या जिल्ह्याने फार जवळून पाहिले आहे. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीतील हातमोज्यांच्या एका कारखान्याला आग लागली आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. काही कामगार तेथेच आत झोपले होते. इतरांचे हात वाचावेत म्हणून मोजे करणारी ती माणसे होती. घर परवडत नाही म्हणून कामाच्याच जागी निजावे लागणे, हीही सुरक्षिततेचीच बाब आहे. जेथे ज्वालाग्राही माल आहे तेथे माणूस झोपणार नाही, एवढी साधी गोष्टही केवळ फलक लावून साधत नाही. त्याला दुसरीकडे निजावयास जागा द्यावी लागते.

पाचोडने शिकविलेला धडा

सरकारने या धंद्याकडे अगदीच पाहिले नाही असे नाही. १ मे १९७४ रोजी महाराष्ट्राने चर्मोद्योग विकास महामंडळ स्थापन केले. ते आज संत रोहिदासांच्या नावाने चालते. मराठवाड्यात हिंगोलीला त्याचे उत्पादन केंद्र निघाले. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाच्या सांगतेच्याच दिवशी, विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा कारागिरींत चर्मकाराचे नाव आहे. पंधरा हजार रुपयांपर्यंतची अवजारे, स्वस्त व्याजाचे कर्ज आणि प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपयांचे विद्यावेतन, असे तिचे स्वरूप आहे. कर्ज मिळते, अवजार मिळते. शिक्षण किती मिळते? पायाभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, म्हणजे चाळीस तासांचे. पुढचा वर्ग पंधरा दिवसांचा आहे, पण तो ज्याच्या त्याच्या इच्छेवर. चाळीस तासांत यंत्राची ओळख होईल. हात बसणार नाही.

शिक्षणाला किती वेळ लागतो याचे एक उत्तर खुद्द पाचोडच्या परिसरानेच देऊन ठेवले आहे. येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने, डॉ. अशोक दयालचंद यांच्या पुढाकाराने, १९९० च्या दशकाच्या अखेरीस खेड्यांतील अविवाहित किशोरींसाठी जीवनकौशल्याचा एक वर्ग चालविला. विषय वेगळा होता: आरोग्य, हक्क, लग्नाचे वय. पण त्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. वर्ग वर्षभर चालला, संध्याकाळी, रोज एक तास. एकूण सुमारे सव्वादोनशे तास. शिकविणाऱ्या बाया बाहेरून आणलेल्या तज्ज्ञ नव्हत्या. किमान सातवी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना तयार करून त्यांच्याकडे वर्ग सोपविले गेले. परिणाम असा झाला की त्या गावांतील मुलींच्या लग्नाचे मध्यम वय सोळावरून सतरावर गेले. पिढ्यान् पिढ्यांची रूढी एका वर्षाने मागे सरकली.

या अनुभवातून यंत्रशिक्षणासाठी तीन गोष्टी घेता येतात. शिकण्याला महिने लागतात, आठवडा पुरत नाही. शिकणे कामाच्या वेळेशी जुळले पाहिजे, नाहीतर गरीब माणूस येतच नाही. आणि शिकविणारा त्यांच्यातलाच असला पाहिजे. ज्याने वीस वर्षे प्रेस चालवून दहाही बोटे शाबूत ठेवली आहेत असा कारागीर धारावीत, हिंगोलीत, कोल्हापुरात सापडेल. त्याच्यासारखा शिक्षक कोणत्याही पदविकेने मिळणार नाही. मात्र शिकविण्याचा मोबदला त्याला शिक्षकाचाच मिळाला पाहिजे. बिनमोल ज्ञानाची वेठ चर्मकाराने पुरेशी केली आहे.

यंत्र नको की नफेखोरी नको

चळवळीतील काही ज्येष्ठांना येथे शंका येईल. यंत्रानेच कारागिराला देशोधडीला लावले, तर यंत्राचे शिक्षण मागणे म्हणजे शत्रूला घरात घेणे नव्हे काय? शंका प्रामाणिक आहे आणि तिचे उत्तर गांधीजींकडेच मिळते. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर स्वतः चपला शिवल्या होत्या. स्वतः केलेला एक जोड १९१४ मध्ये त्यांनी जनरल स्मट्सला भेट दिला. १९२४ साली यंत्रांबद्दल विचारणा झाली तेव्हा त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले. आणि शिवणयंत्रे करण्यासाठी तरी कारखाना लागेलच, या आक्षेपावर त्यांनी असे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे किंवा सरकारच्या ताब्यात असावेत, एवढा समाजवाद आपल्याला मान्य असल्याचे सांगितले. त्यांचा विरोध माणसाला चेचणाऱ्या यंत्राला होता. दिवसभर वाकून आरीने टोचणाऱ्या माणसाच्या पाठीला आणि डोळ्यांना यंत्राने विसावा मिळत असेल तर ते त्याला मिळालेच पाहिजे. आरीचे रोमँटिक कौतुक शहरात बसून करणे सोपे आहे.

कौतुक कसे फसवे असते हे कोल्हापुरी चपलेच्या कथेतही दिसले. महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना या चपलेचे भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्राडा कंपनीच्या प्रदर्शनात तशाच चपला कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या गेल्या, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला आणि कंपनीला भारतीय परंपरेचे ऋण मान्य करावे लागले. हा संताप योग्यच होता. पण चपलेच्या नावाला जेवढे संरक्षण आहे तेवढे ती करणाऱ्या बोटांना नाही, याबद्दल त्या गदारोळात किती जण बोलले? अस्मिता चपलेची, धूळ मात्र कारागिराच्या नाकात.

करावयाचे काय

मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, यंत्रावर चालणाऱ्या चर्मवस्तूंच्या धंद्याला धोकादायक म्हणून अधिसूचित करावे आणि कामगार कितीही असोत, यंत्रावरील आवरण, धुळीसाठी शोषक पंखा आणि सोल्युशनची बंदिस्त साठवण सक्तीची करावी. दुसरी, या खर्चाचा बोजा गाळेवाल्या कारागिरावर न टाकता माल घेणाऱ्या बड्या व्यापाऱ्यावर आणि निर्यातदारावर टाकावा; ज्याच्या नावाने माल विकला जातो त्याच्यावर अपघाताची जबाबदारी यावी. तिसरी, नगाचा दर ठरविताना सुरक्षित पद्धतीने काम करावयास लागणारा वेळ धरूनच तो ठरवावा. ही मागणी तिन्हींत महत्त्वाची आहे, कारण दर सुधारल्याखेरीज आवरण जागेवर राहणार नाही. चौथी, महामंडळाने आणि बँकांनी यंत्रासाठी कर्ज देताना त्यासोबत किमान सहा महिन्यांचे सवेतन यंत्रशिक्षण द्यावे, आणि ते तालुक्याच्या ठिकाणी, पाचोडसारख्या बाजाराच्या गावी द्यावे.

मागण्यांची निवेदने देऊन कार्यकर्त्याचे काम संपत नाही. आपापल्या भागातील गाळे मोजावेत. किती यंत्रे, कोणत्या यंत्रावर आवरण नाही, कुणाचे बोट केव्हा गेले आणि त्याला काय मिळाले, याची वही ठेवावी. अपघाताची नोंद कुठेच होत नाही म्हणून सरकार निर्धास्त राहते. इजा झालेल्या कामगाराला ‘माझीच चूक’ या अपराधाच्या भावनेतून बाहेर काढणे, हे तर संघटनेचे पहिले पाऊल आहे. जो स्वतःला दोषी मानतो तो न्याय मागत नाही. या धंद्यात आज चर्मकारांसोबत मुसलमान कारागीर आहेत, उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेली तरुण मुले आहेत, घरी चिकटविण्याचे काम करणाऱ्या स्त्रिया आहेत. पात्याला जात, धर्म आणि प्रांत कळत नाहीत. संघटनेलाही ते कळावयाचे कारण नाही.

चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या बांधकामावर राबत असता कूस कोसळून १३३८ साली गेला, असे परंपरा सांगते. त्याची हाडे नामदेवांनी पंढरीला नेली आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. महाराष्ट्र तेव्हापासून त्या समाधीपुढे हात जोडत आला आहे. ती भिंत का कोसळली आणि तिच्याखाली चोखोबाला कुणी उभे केले होते, हे विचारणारे मात्र थोडेच निघाले. पाचोडच्या बाजारातून कामासाठी शहरात गेलेला मुलगा एका हाताला फडके गुंडाळून परत येईल, तेव्हा त्याला ‘लक्ष कुठे होते?’ असे विचारण्याआधी ‘दर काय होता?’ असे विचारावे. खरी चौकशी त्या प्रश्नापासून सुरू होते.